बोटीचा ट्रेलर घेताय? आधी पाइपच्या आत बघा

नमस्कार. बोट फक्त नाशिकच्या गंगापूर धरणात उतरवायची असेल, तर नीट रंगवलेला ट्रेलरही चालून जातो. तीच बोट जव्हारमार्गे डहाणूला, खाऱ्या पाण्यात न्यायची म्हटली की रंगाचा भरवसा संपला.

(पाइपचे दोन तुकडे कॅमेऱ्यासमोर)

हे दोन्ही ‘गॅल्व्हनाइज्ड’, म्हणजे गंजू नये म्हणून जस्ताचा थर दिलेले, म्हणूनच विकतात. हा चकचकीत तुकडा आधीच जस्त चढवलेल्या पत्र्याचा. थर साधारण 20 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). वेल्डिंग केलं की सांध्यावरचं जस्त जळतं, वरून चंदेरी स्प्रे मारून देतात. गंज धरतो तो तिथूनच. हा दुसरा, मळकट राखाडी, दिसायला गरीब. पण याची चौकट आधी पूर्ण वेल्ड केली, मग सुमारे 450 अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवली. 3 ते 6 मिलिमीटर जाडीच्या लोखंडावर आयएसओ 1461 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे सरासरी किमान 70 मायक्रॉन थर लागतो. हाताचं बोट पाइपच्या आत घालून बघा, आतूनही जस्त आहे.

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत बनवून घेणार असाल, तर पाइपच्या प्रत्येक बंद टोकाला भोक पाडायला सांगा. भोक नसेल तर जस्त आत जात नाही, उलट आतल्या ओलाव्याची वाफ होऊन पाइप जस्ताच्या कुंडातच फुटू शकतो. दिव्यांच्या, नंबरप्लेटच्या पट्ट्याही बुडवण्याआधीच जोडून घ्या. नंतर ड्रिल चालवलं की भोकाची कड उघडी पडली.

कमानपाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) टाळा. पाट्यांच्या फटीत खारं पाणी साचतं, कितीही धुतलं तरी तिथवर पोचत नाही. रबरवाला टॉर्शन ॲक्सल (चाकांचे धक्के आतल्या रबरावर झेलणारा आस) घ्या, पण त्याची नळीही गॅल्व्हनाइज्ड हवी. दिवे सीलबंद एलईडी, आणि अर्थिंगची तार वेगळी ओढलेली.

आता बेअरिंग. ट्रेलर रस्त्यात अडतो तो बहुतेकदा याच्यामुळेच. घाट उतरून आलात की हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग बसतं) तापलेलं असतं. तसंच पाण्यात घातलंत की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. म्हणून हाताला हब कोमट लागेपर्यंत थांबा. परत आल्यावर गोड्या पाण्याने धुताना नळी पाइपच्या आतही सोडा.

(हबचं झाकण काढून)

हे ग्रीस बघा, दुधी झालंय. म्हणजे पाणी शिरलं. वरून नवं ग्रीस दाबून भागणार नाही. हब उघडा, बेअरिंग धुऊन वाळवा, खड्डे पडलेलं असेल तर बदला, आणि सील मात्र नवीनच बसवा.