स्क्रीनच्या पाठीमागे

[दृश्य : पुण्याचा लक्ष्मी रस्ता, सकाळ. साड्यांच्या दुकानाचं शटर अर्धं वर. आत शिडी, ड्रिल आणि फोमवर पालथी ठेवलेली स्क्रीन.]

निवेदन :
गिऱ्हाईक यायला अजून वेळ आहे. तेवढ्यात ही पंचावन्न इंची स्क्रीन भिंतीवर चढवायची आहे. उद्यापासून तिच्यावर पैठण्या झळकतील. आपण मात्र तिची पाठ बघणार आहोत, कारण सगळा कारभार तिथून चालतो.

ही तळहाताएवढी काळी डबी म्हणजे मीडिया प्लेअर. जाहिरातींचे व्हिडिओ हिच्यात साठवलेले असतात. कुठला, किती वाजता, किती वेळ दाखवायचा, हे हीच ठरवते.

[दृश्य : पाठीवरची चार भोकं, मग भिंत.]

या चार भोकांना व्हेसा म्हणतात. छोट्या मॉनिटरला त्यांच्यात 75 नाहीतर 100 मिलिमीटरचं अंतर असतं, मोठ्या स्क्रीनला 200, 400. मापं ठरलेली असल्यामुळे ब्रॅकेट कुठल्याही कंपनीचा चालतो. भिंत मात्र कुठलीही चालत नाही. पेठेतल्या जुन्या वाड्याची भिंत दिसायला जाडजूड, पण आत माती. ड्रिल सरळ आत जातं आणि स्क्रू तितक्याच सहज बाहेर येतो. म्हणून आधी लाकडी खांबांना जाड प्लायवूड कसायचा आणि स्क्रीन त्याच्यावर लावायची.

[दृश्य : एचडीएमआय पिन जवळून. स्क्रीनवर चित्र येतं.]

पोऱ्या : दादा, पिक्चर आलं!
दादा : आलं म्हणजे झालं का? एमसीबीचा, मेनचा खटका पाड. आता चालू कर.

निवेदन :
दिवे लागले. प्लेअर चालू झाला. स्क्रीनवर मात्र पैठणी आली ती फुगलेली, धुरकट. मघाशी सगळं ठीक होतं, एकही वायर हललेली नाही. मग झालं काय?

प्लेअरकडून स्क्रीनकडे चित्र नेणाऱ्या एचडीएमआय वायरीच्या या पिनेत 19 तारा जोडलेल्या असतात. त्यातल्या 18 व्या तारेवरून प्लेअर पाच व्होल्ट पाठवतो. 19 व्या तारेवरून स्क्रीन कळवते, मी इथे आहे. मग प्लेअर तिची माहिती वाचतो: रिझोल्यूशन किती, सेकंदाला किती फ्रेम. या माहितीला ईडीआयडी म्हणतात. मूळ माहिती जेमतेम 128 बाइटची, पण चित्राचं गणित तिच्यावर बसतं. आता वीज दोघांना एकदमच आली. प्लेअरने विचारलं तेव्हा स्क्रीन अजून सुरू होत होती. उत्तर आलं नाही, तेव्हा प्लेअरने आपल्या मनाने लहानातलं लहान रिझोल्यूशन धरलं आणि तेच धरून बसला.

आणि वीज जाते. दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवतात, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. चित्र बसवताना दिसलं म्हणून बिल फाडणारे पुष्कळ आहेत; गुरुवारी दुपारी त्यांचा फोन लागत नाही.

यावर उपाय आहे. मधे एक छोटी पिन बसवायची. ती स्क्रीनची माहिती स्वतःत साठवते आणि प्लेअरने कधीही विचारलं तरी उत्तर देते. तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात मिळते.

[दृश्य : नऊ पिनांचं सिरियल पोर्ट.]

दुसरी अडचण घरगुती टीव्हीची. वीज परत आली तरी असे बरेच टीव्ही स्टँडबायलाच राहतात, कोणीतरी रिमोट शोधेपर्यंत. व्यावसायिक पॅनेलला आपोआप चालू होण्याची सेटिंग असते आणि बहुतेकांना हे पोर्टही असतं, आरएस-232. हे मानक 1960 सालचं. दिसायला ओबडधोबड, पण स्क्रू आवळले की हलत नाही, एचडीएमआयला ती सोय नाही. यातल्या तीनच तारा कामाच्या: पाठवायची, घ्यायची आणि ग्राउंड. प्लेअर सकाळी 'चालू हो' म्हणतो, स्क्रीन 'झाले' असं उत्तर देते. ते उत्तर मालकाला घरबसल्या दिसतं. एचडीएमआयच्या 13 व्या तारेवरूनही असे हुकूम देता येतात, पण प्रत्येक कंपनीचा टीव्ही ते आपापल्या मर्जीने ऐकतो.

[दृश्य : मालक टीव्हीच्या यूएसबीकडे बोट दाखवतात.]

मालक : अहो, डबीला वीज इथूनच द्या की. एक अ‍ॅडॅप्टर वाचेल.
दादा : नको शेठ. टीव्ही बंद केला की डबीही मरेल.

निवेदन :
साध्या यूएसबी 2.0 पोर्टातून अर्धा अँपिअर मिळतो, म्हणजे अडीच वॅट. प्लेअरला तो बहुधा पुरत नाही. शिवाय मधेच वीज तुटली की मेमरी कार्ड खराब होण्याची भीती. त्यापेक्षा लॅनच्या, म्हणजे नेटवर्कच्या वायरीतून वीज द्यावी. 2003 च्या मानकाप्रमाणे नेटवर्क स्विच, म्हणजे या वायरी जिथे जोडतात ती पेटी, एका पोर्टातून 15.4 वॅट देतो, शंभर मीटरपर्यंत. तो स्विच यूपीएसवर असला की वीज गेली तरी प्लेअर जागाच, आणि त्याचं घड्याळही चुकत नाही. हे छोटं वाटतं, पण काही स्वस्त बोर्डांत घड्याळाची बॅटरीच नसते. नेट नसताना असा बोर्ड बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तर पाडव्याची ऑफर भलत्याच दिवशी लागते.

वायफाय? स्क्रीनच्या धातूच्या पाठीमागे, कपाटामागे? दादा मान हलवतात आणि लॅनच्या वायरीला पिन बसवायची क्रिम्पिंगची पकड उचलतात.

[दृश्य : एमसीबी पुन्हा खाली, पुन्हा वर. पैठणीचे काठ स्वच्छ.]

आता पाठीवर एक स्टिकर लागतो: कुठला इनपुट, सिरियलचा वेग सेकंदाला 9600 बिट, प्लेअरचा नेटवर्क पत्ता. त्याचा फोटो मालकांच्या फोनवर जातो, कारण एकदा स्क्रीन भिंतीला लागली की हा स्टिकर वाचायला दोन माणसं आणि शिडी लागते.