बुखारेस्टची बाळे : सुधारणा मोजायची कशी?

प्रतिपालक कुटुंबात, म्हणजे दुसऱ्याचे मूल आपल्या घरी सांभाळणाऱ्या कुटुंबात, राहणाऱ्या मुलाचे बरे चालले आहे, हे ठरवायचे कशावरून? वजन वाढले, शाळेत नाव घातले, तक्रार आली नाही, एवढ्यावर समाधान मानणे सोपे असते. रुमानियाच्या राजधानीत, बुखारेस्टमध्ये, हाच प्रश्न फार काटेकोरपणे तपासला गेला.

१९६६ साली रुमानियाचे साम्यवादी हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कू यांच्या राजवटीने गर्भपातावर बंदी घातली. पोसणे अशक्य झालेली मुले गरीब कुटुंबांनी सरकारी बालगृहांच्या हवाली केली आणि १९८९ मध्ये ती राजवट कोसळली, तेव्हा अशा मुलांची संख्या लाखाच्या वर गेली होती. अन्न आणि छप्पर होते; पण एकेका सेविकेकडे इतकी बाळे असत, की रडणाऱ्या बाळाला कडेवर घेणारे कोणी नसे.

चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या अमेरिकी संशोधकांनी शहरातील ६ बालगृहांमधून ६ ते ३१ महिने वयाची १३६ बाळे निवडली, आधी सर्वांची तपासणी केली आणि मग चिठ्ठ्या टाकून त्यांपैकी ६८ बाळे प्रतिपालक कुटुंबांकडे सोपवली. अशी कुटुंबे तिथे जवळजवळ नव्हतीच, म्हणून ५६ कुटुंबे या प्रकल्पानेच उभी केली. उरलेल्या ६८ बाळांची व्यवस्था पूर्वीसारखीच राहिली. बाळाचे नशीब चिठ्ठीने ठरावे हे मनाला बोचते, आणि बोचायलाच हवे. मात्र पुढे सरकारी प्रतिपालक कुटुंबे उपलब्ध झाली, तेव्हा या मुलांना तिकडे जाण्यापासून अडवले गेले नाही.

उंची, वजन, डोक्याचा घेर, भाषा, मेंदूतील विद्युतलहरी, बुद्ध्यांक आणि घाबरल्यावर बाळ आधारासाठी कोणाकडे धाव घेते, हे सारे तपासले गेले. साडेचार वर्षांच्या वयात बालगृहाच्या गटाचा सरासरी बुद्ध्यांक सुमारे ७३, प्रतिपालक कुटुंबांतील मुलांचा ८१, तर जन्मापासून आपल्याच घरी वाढलेल्या मुलांचा १०९ भरला. ८ गुणांची ही वाढ खरी होती, पण २८ गुणांची दरी उरलीच होती. शिवाय या सरासरीत वयाचा प्रश्न झाकला जातो : साडेतीन वर्षांच्या चाचणीत, १८ महिन्यांच्या आत कुटुंबात गेलेल्या मुलांचा विकासांक (वयाच्या मानाने वाढ किती झाली ते सांगणारा अंक) ९४ च्या आसपास होता, ३० महिने उलटल्यावर गेलेल्यांचा मात्र ८० च्या जवळपास.

सगळीच दुखणी एका मापाने बरी झाली नाहीत. मुलांना माणसांचा लळा लागला, चिंता आणि नैराश्य घटले. चंचलता आणि लक्ष न टिकणे यांत मात्र विशेष फरक पडला नाही. या निष्कर्षांच्या आधाराने केवळ कुटुंबांची संख्या मोजून चालणार नाही, हे स्पष्ट होते. बाराव्या वर्षी पाहिले, तेव्हा पहिल्याच प्रतिपालक कुटुंबात टिकून राहिलेल्या मुलांमध्ये मानसिक विकारांची लक्षणे घर बदलावे लागलेल्या मुलांपेक्षा कमी आढळली. म्हणून मुलाच्या नोंदीत त्याचे वजन आणि गुण यांच्या शेजारी दोन गोष्टी लिहिल्या गेल्या पाहिजेत : ते कुटुंबात कितव्या महिन्यात आले, आणि त्यानंतर त्याला किती घरे बदलावी लागली.