पुढची भाषा कोणती? मराठीपासून मोजलेलं अंतर

(दृश्य: पुणे, फर्ग्युसन रस्ता. रानडे इन्स्टिट्यूटचं आवार, वह्या-पुस्तकं घेऊन आत शिरणारे विद्यार्थी.)

निवेदन:

रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश, जपानी शिकवतात. बोट क्लब रस्त्यावर जर्मन शिकवणारं मॅक्स म्युलर भवन आहे. चाकणला जर्मन गाड्यांचे कारखाने आहेत. एखादी परदेशी भाषा शिकलेला माणूस पुण्यात शोधावा लागत नाही. आणि ती पहिली भाषा जरा हाताशी आली, बी-वनची, म्हणजे मधल्या पातळीची परीक्षा झाली, की बहुतेकांच्या मनात विचार सुरू होतो: आता पुढची कोणती?

शोधायला बसलं की एक तक्ता हमखास समोर येतो. स्पॅनिश ६०० ते ७५० तास, जर्मन ९००, जपानी २२००. वर सोप्या भाषा, खाली अवघड. तो पाहून कितीतरी जण जपानीचं नाव काढणंच सोडून देतात.

हा तक्ता कुठून आला, ते आधी बघू. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट ही संस्था १९४७ पासून आपल्या राजनैतिक अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. इंग्रजीत वाढलेल्या माणसाला कोणत्या भाषेसाठी किती तास वर्गात बसावं लागतं, त्याचा हा अनुभवातून बांधलेला अंदाज आहे. त्यांच्या कामासाठी तो उत्तम आहे. पण त्याच तक्त्यात हिंदी कुठे आहे? ११०० तास, अवघड भाषांच्या गटात. साताऱ्यातल्या ज्या पोराने सिनेमे बघता बघता हिंदी उचलली, त्याने या तक्त्यावरून आपली पुढची भाषा का ठरवावी?

आपल्याला अंतर मोजायचं असेल, तर ते मराठीपासून मोजायला हवं.

(दृश्य: जपानीचा वर्ग. फळ्यावर एक वाक्य.)

जपानी वाक्य ऐका. वाताशी वा, पुणे कारा, मुंबाई नी, इकिमास. मी, पुण्याहून, मुंबईला, जातो. शब्दामागून शब्द, त्याच क्रमाने. 'हून'च्या जागी 'कारा', 'ला'च्या जागी 'नी', दोन्ही नामाच्या मागे, आणि क्रियापद शेवटी. इंग्रजी माणसाला इथे सगळं वाक्य उलटं करून विचार करावा लागतो. आपल्याला काहीच करावं लागत नाही. आपण 'खाऊन बघ' म्हणतो, तसंच जपानीतही खाऊन 'बघतात': ताबेते मिरु. तेच बघणं, त्याच जागी, त्याच अर्थाने.

आणि त्यांच्या अक्षरांचा क्रम! आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बौद्ध धर्माबरोबर संस्कृत अक्षरांचा जो अभ्यास जपानमध्ये पोचला, त्यातून हा क्रम घडला. बाराखडी पाठ केलेल्या मुलाला तो ओळखीचा वाटतो, यात नवल नाही.

मग जपानी सोपी का? नाही. कांजी आहेत. रोजच्या वापरासाठी जपान सरकारने ठरवलेल्या यादीत २१३६ चित्राक्षरं आहेत, आणि त्यांच्यापुढे मराठीचा काही उपयोग नाही. तिथे अमेरिकन आणि आपण सारखेच. जपानी घ्यायची की नाही, हे ठरवताना स्वतःला एवढंच विचारावं, की रोज थोडी अक्षरं गिरवत राहण्याची, आणि हे वर्षानुवर्षं करण्याची आपली तयारी आहे का. व्याकरणाला घाबरून मात्र मराठी माणसाने जपानी सोडू नये.

(दृश्य: जर्मनचं पाठ्यपुस्तक. डेर, डी, दास.)

जर्मनची गोष्ट वेगळी. तिथे तीन लिंगं आहेत म्हणून इंग्रजी आणि हिंदी भाषक दोघेही कपाळाला हात लावतात. आपल्याकडे तो वाडा, ती खिडकी, ते दार आहेच. निर्जीव वस्तूला लिंग असतं आणि ते का असतं हे विचारायचं नसतं, हे आपण लहानपणीच स्वीकारलेलं आहे. जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी असते, दास मेडशेन. यावर वर्गात हशा पिकतो, पण गोव्याचं कोणी बसलेलं असेल तर ते हसणार नाही. कोंकणीत चेडूं, म्हणजे मुलगी, नपुंसकच आहे.

आपण अडतो ते दुसरीकडे. 'मांजर दारात बसलंय.' कोणतं तरी एक मांजर, की आपलं नेहमीचं? मराठी वाक्याला हे सांगायची गरज पडत नाही. जर्मनला, फ्रेंचला, स्पॅनिशला पडते, प्रत्येक नामापाशी पडते. हे सांगणारे नामाआधीचे छोटे शब्द म्हणजे उपपदं, आणि चांगली जर्मन बोलणारे मराठी लोकही या उपपदांवर वर्षानुवर्षं अडखळतात. रशियनमध्ये उपपदं नाहीतच, आणि हा दिलासा छोटा नाही. शिवाय 'मला आवडतं' ही आपली रचना रशियनमध्ये जशीच्या तशी भेटते: म्न्ये न्रावित्सा. स्पॅनिशमध्येही तेच, मे गुस्ता. इंग्रजीतून स्पॅनिश शिकवणारी पुस्तकं या एका रचनेवर पानंच्या पानं खर्च करतात. मराठी विद्यार्थ्याने ती पानं उलटून पुढे जावं.

इंडोनेशियनकडे आपल्याकडे फारसं कोणी बघत नाही, याचं मला वाईट वाटतं. लिपी रोमन, नामांना लिंग नाही, क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलत नाही. आणि ऐकणाऱ्याला धरून 'आपण', वगळून 'आम्ही' हा जो भेद हिंदीतही नाही, तो तिथे आहे: कीता आणि कामी.

एक भाषा आली, की हे अंतर पुन्हा बदलतं. जर्मनच्या चार विभक्ती पचल्या असतील तर रशियनच्या सहा धडकी भरवत नाहीत. कांजी येत असतील तर चिनी अक्षरांमधली बरीच आधीच ओळखीची असतात. उच्चार आणि सूर नव्याने शिकावे लागतात. फक्त स्पॅनिश आणि पोर्तुगीज एकदम सुरू करू नयेत. एक पक्की होईपर्यंत दुसरी थांबवावी, नाहीतर तोंडात दोघींची भेसळ होते.

(दृश्य: पणजी. जुन्या कागदपत्रांचे बांधीव खंड.)

पोर्तुगीजचं नाव निघालंच आहे, तर थोडं थांबू. गोव्याचं दप्तरखाना म्हणून जे पुराभिलेखागार आहे, त्याची सुरुवात १५९५ ची. दियोगु दु कूतु हा इतिहासकार त्याचा पहिला प्रमुख. लिस्बन आणि गोवा यांच्यातला पत्रव्यवहार 'मोंसोंइश दु रेइनु' या मालिकेच्या खंडांत आहे. संभाजी महाराजांची १६८३ ची गोव्यावरची चाल, चिमाजी अप्पांची वसईची मोहीम, या घटना समोरच्या बाजूने कशा दिसल्या, ते पोर्तुगीज कागदांत आहे. पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य घालून त्यातलं बरंच मराठी वाचकांपर्यंत आणलं. फार्सी कागदांसाठी तेच काम पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ग. ह. खऱ्यांनी केलं. आज महाराष्ट्रात शिवकाळावर बोलणारे लाखो आहेत. त्या काळाची पोर्तुगीज साधनं मुळातून वाचू शकणारे फार थोडे.

म्हणून फ्रेंच किंवा स्पॅनिश येत असेल आणि इतिहासाची ओढ असेल, तर मी पुढची भाषा म्हणून पोर्तुगीजच सुचवेन. छापील मजकूर काही महिन्यांत वाचता येऊ लागतो. सतराव्या शतकातलं हस्ताक्षर लावायला त्यापेक्षा जास्त काळ लागतो, आणि ते कोणाकडून तरी शेजारी बसूनच शिकावं लागतं, जशी मोडी शिकतात तसं.