दिवेलागणीचा धूर

मंडळी, दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही हवेचा विषय काढा, उत्तर ठरलेलं: आपल्याला काय, समुद्र आहे की! दुपारी ते खरंही असतं. खारा वारा सुटला की धूर घाटाकडे निघून जातो. पण हिवाळ्यात सूर्य बुडाला की हा वारा पडतो, मतलई सुटायला अवकाश असतो, जमीन निवते आणि तिच्यालगतची गार हवा वरच्या उबदार हवेखाली कोंडते. वाडी बहुधा खोलगटात, व्हाळाकाठी. नेमका तेव्हाच परड्यात पातेरा, म्हणजे वाळका पालापाचोळा, पेटतो, कारण वारा नसला की आग पसरत नाही. आगीला सोयीची वेळ, फुप्फुसाला सगळ्यांत वाईट. त्यात पीव्हीसी पाइपाचे तुकडे पडले, तर विचारूच नका.

आता मोजणी. पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण. आपल्याकडे त्यांची २४ तासांची मर्यादा दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून १५ सांगते. समजा, वाडीत संध्याकाळचे दोन तास ३०० आणि उरलेले २२ तास २० आकडा आहे. सरासरी येते ४३. कागदावर हवा पास! म्हणून सरासरीवर जाऊ नका, तासागणिक नोंद ठेवा.

लेसरवर चालणारं स्वस्त यंत्र त्याला पुरतं, पण किनाऱ्यावर ते फसतं. हवेतला ओलावा ८० टक्क्यांवर गेला की कण पाणी पिऊन फुगतात आणि यंत्र आकडा वाढवून सांगतं. पहाटे दव पडताना धुराशिवायच आकडा चढतो तो असा. आर्द्रतेची नोंद शेजारी हवीच. दुसरी फसगत कुंभारमाशीची. ती पंख्याच्या भोकात मातीचं घर बांधते, आत हवाच जात नाही, आणि आकडे दिवसेंदिवस देखणे होत जातात! भोकावर जाळी लावा, कापड नको. कापड कणच अडवतं. यंत्र पडवीच्या वाशाला टांगा, चुलीपासून लांब. दोन यंत्रं असतील तर पहिला आठवडा ती शेजारी-शेजारी ठेवून आकडे ताडून पाहा.

पातेरा जाळायचा नाही, मग करायचं काय? सोपं म्हणजे आच्छादन: कलमाच्या बुंध्यापासून हातभर जागा सोडून १० ते १५ सेंटीमीटरचा थर. बुंध्याला टेकवलात तर वाळवी चढते. मात्र शेतकरी पातेरा जाळतो तो आळसाने नव्हे, वणव्याच्या धाकाने. हे मान्य केल्याशिवाय ग्रामसभेतली कुठलीही बंदी टिकायची नाही. म्हणून आधी हद्दीवर निदान तीन मीटरचा पट्टा गवत काढून मोकळा करायचा, तोही डिसेंबरातच.

उरलेल्याचं खत. खड्डा नको, पावसात त्याची विहीर होते. जमिनीवरच दीड मीटर रुंद, सव्वा मीटर उंच ढीग रचा. आंब्याचं पान चिवट, मेणचट, म्हणून आधी कोयत्याने तोडून घ्या. वीतभर पातेरा, त्यावर शेणकाला (१०० लिटर पाण्यात १० किलो ताजं शेण), त्यावर गिरिपुष्पाचा हिरवा पाला, पुन्हा पातेरा. मूठ आवळली की बोटांतून एखाददुसरा थेंब यावा, धार नको. आठवड्याने मध्यभागी लोखंडी सळई खुपसून पाच मिनिटांनी काढा. हाताला चटका बसला तर ढीग शिजतोय; गारच लागली तर पाणी कमी, नाहीतर शेण कमी. तीन आठवड्यांनी ढीग वरखाली करा. पावसाआधी झावळ्यांनी शाकारा, नाहीतर सत्त्व वाहून जाईल.

राहिला राब, म्हणजे भाताची रोपं करायला पालापाचोळा पसरून भाजायचा वाफा. तो भाजल्याने तणाचं बी मरतं, राख मिळते, माती भुसभुशीत होते. तिन्ही गोष्टी खऱ्या. राखेपुरती भाताच्या तुसाची काळी राख चालते, दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. तणाला ती काही करत नाही. त्यासाठी एप्रिल-मेमध्ये वाफा चांगला भिजवून पातळ पारदर्शक प्लॅस्टिकने चार ते सहा आठवडे झाकायचा, कडा मातीत गाडायच्या. कोरड्या मातीवर अंथरलात तर उष्णता खोल जात नाही, आणि काळं प्लॅस्टिक स्वतःच तापून बसतं. एक हेक्टर लावणीला साधारण १० गुंठे रोपवाटिका लागते. मे महिन्यात तेवढी भिजवायला पाणी प्रत्येकाकडे नसतं. तेव्हा पहिल्या वर्षी एखादाच वाफा असा करा, बाकी भाजा, पण भरदुपारी नको आणि दिवेलागणीला तर नकोच. सकाळी, वारा जेमतेम हलायला लागल्यावर, आजूबाजूचं गवत साफ करून, पाण्याच्या कळश्या भरून ठेवून.