वजनकाट्याचा आकडा का नाचतो

[दृश्य: दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा, पारडं रिकामं. आकडा ०, ३, १, ४ असा हलतोय.]

पारड्यावर काहीही नाही, तरी आकडा ठरत नाही. शेजारचा फ्रीज सुरू झाला की तो आणखी नाचतो. लोडसेल, म्हणजे वजनाचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारा भाग, गेला असं म्हणून तो बदलायला घेण्याआधी, त्याच्याकडून येणारा सिग्नल केवढा असतो ते पाहू.

[दृश्य: पारडं उचललेलं. ॲल्युमिनियमचा ठोकळा, त्याच्या पोटात आरपार भोक.]

हा लोडसेल. भोकाजवळच्या पातळ भागावर चार स्ट्रेन गेज, म्हणजे ताण-दाबाने रोध बदलणाऱ्या बारीक पट्ट्या, चिकटवलेले असतात. वजनाने धातू केसभरही वाकत नाही, पण जेवढा वाकतो तेवढ्याने दोन गेजचा रोध वाढतो आणि दोघांचा कमी होतो. चौघांची जोडणी म्हणजे व्हीटस्टन ब्रिज. ही जोडणी १८३३ मध्ये मांडली सॅम्युअल क्रिस्टी यांनी. १८४३ मध्ये चार्ल्स व्हीटस्टन यांनी ती सर्वांपुढे आणली आणि नाव त्यांचंच राहिलं.

सेलवर लिहिलंय: २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट. ब्रिजला ५ व्होल्ट दिले, तर या सेलच्या पूर्ण क्षमतेला, म्हणजे २० किलोला, सिग्नल मिळतो १० मिलिव्होल्ट. एका ग्रॅमच्या वाट्याला अर्धा मायक्रोव्होल्ट. आणि भिंतीतल्या वायरिंगमध्ये २३० व्होल्ट खेळताहेत.

[दृश्य: चार तारा, जवळून.]

बहुतेक सेलवर लाल तार ५ व्होल्टची, काळी ग्राउंडची (शून्य व्होल्टची), हिरवी आणि पांढरी सिग्नलच्या. रंग कंपनीगणिक बदलतात, म्हणून लेबल वाचूनच जोडा. रिकाम्या पारड्याला हिरवी आणि पांढरी, दोन्ही अडीच व्होल्टवर असतात. २० किलो ठेवले की हिरवी ५ मिलिव्होल्ट वर जाते, पांढरी ५ खाली येते.

आता समजा, फक्त हिरवी तार ग्राउंडच्या तुलनेत मोजली. अर्धा सिग्नल तिथेच गेला. पण खरी अडचण काळ्या तारेत आहे. अर्धा चौरस मिलिमीटरच्या ५ मीटर तांब्याच्या तारेचा रोध साधारण ०.१७ ओहम. सेलजवळच बसवलेल्या डिस्प्लेचे १०० मिलिअँपिअर त्याच तारेतून परत येत असतील, तर तिच्यावर १७ मिलिव्होल्ट पडतात. ब्रिजचं खालचं टोक तेवढं उचललं जातं, मधले दोन्ही बिंदू, म्हणजे हिरवी आणि पांढरी, साडेआठने. एकट्या हिरव्या तारेला २० किलो म्हणजे ५ मिलिव्होल्ट. त्या हिशोबाने रिकाम्या पारड्यावर ३४ किलो दिसतील!

डिफरेन्शियल इनपुट हिरवीतून पांढरी वजा करतं. साडेआठ दोघींवर सारखेच चढले आहेत, वजाबाकीत ते उडतात. वजनाने झालेला बदल दोघींवर उलटा आहे, तो बेरजेसारखा पूर्ण १० मिळतो.

उरते एक चूक, आणि ती वजाबाकीने जात नाही. ब्रिजला मिळणारा विद्युत दाब ५ व्होल्टपेक्षा १७ मिलिव्होल्टने कमी झाला, म्हणजे ०.३४ टक्के. १० किलोला ३४ ग्रॅम कमी दिसतील. त्यासाठी डिस्प्लेची परतीची तार वेगळी काढायची, किंवा लांब केबलला सहा तारांचा सेल घ्यायचा. त्यातल्या दोन जादा तारा ब्रिजपाशी दाब खरोखर किती पोचतोय ते सांगतात.

वजाबाकी कधीच शंभर टक्के नसते. दोन्ही तारांवरचा सारखा गोंगाट, म्हणजे बाहेरून शिरलेला नकोसा सिग्नल, इनपुट किती दाबतं, हे डेसिबलमध्ये सांगतात. १०० डेसिबल म्हणजे एक लाख पट. तरीही दोन्ही तारांवर १ व्होल्ट गोंगाट असेल, तर १० मायक्रोव्होल्ट आत येतातच, आणि आपल्या काट्यावर ते २० ग्रॅम. म्हणून गोंगाट मुळात कमी चढायला हवा.

[दृश्य: दोन तारा पिळणारे हात, मग त्याच तारा सुट्या.]

हिरवी आणि पांढरी एकमेकींवर पिळा. सुट्या ठेवल्या तर मोटरच्या तारेजवळची एक जास्त गोंगाट उचलते, आणि तो फरक वजाबाकीला खरा सिग्नलच वाटतो. इनपुटआधी गोंगाट गाळणाऱ्या फिल्टरचंही तसंच. दोन्ही तारांत सारखे १ किलोओहम, १ टक्का अचूकतेचे. मोठा कपॅसिटर, १०० नॅनोफॅरड, दोन तारांच्या मध्ये. ग्राउंडकडे जाणारे दोन्ही लहान, १० नॅनोफॅरडचे. ग्राउंडकडचे दोन जुळले नाहीत, तर फिल्टरच सारख्या गोंगाटाचं रूपांतर खोट्या फरकात करतो. मधला दहापट मोठा ठेवला की हा खोटा फरक दबतो.

केबलच्या तारांभोवतीची शील्डची जाळी फक्त काट्याच्या बाजूला ग्राउंडला जोडा. दोन्ही टोकांना जोडली, तर दोन टोकांच्या अर्थिंगमधला प्रवाह तिच्यातूनच वाहू लागतो.

आणि डिफरेन्शियल आहे म्हणून काहीही जोडलं तर चालत नाही. अशा काट्यांत सर्रास दिसणारी एचएक्स ७११ ही सिग्नल मोजून त्याचा आकडा करणारी चिप ५ व्होल्टवर चालवली, तर दोन्ही तारा १.२ ते ३.७ व्होल्टच्या मधेच लागतात. ब्रिज अडीचवर, म्हणून निभावतं. तिला सेकंदाला ८० ऐवजी १० वाचनांवर ठेवा. १०० मिलिसेकंदांत ५० हर्ट्झची बरोबर पाच आवर्तनं बसतात आणि मेन्सची, म्हणजे भिंतीतल्या विजेची, भुणभुण शमते.

[दृश्य: सिग्नलच्या तारा काढून टेबलावर जोडणी.]

तरी आकडा नाचतोच? सेल सोडवा. लाल-काळीच्या जागी १ किलोओहमचे दोन रेझिस्टर एकामागे एक लावा आणि सिग्नलची दोन्ही टोकं त्यांच्या मधल्या बिंदूला जोडा. आता फरक शून्य आहे. आकडा स्थिर झाला, तर दोष केबलमध्ये किंवा सेलमध्ये. नाचत राहिला, तर बोर्ड आणि पॉवर सप्लाय तपासा. आणि तो न नाचता एकाच दिशेने हळूहळू सरकत असेल, तर केबलच्या जोडावर सोल्डरिंगनंतर उरलेला फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा. फ्लक्सवर ओल धरली की एकाच तारेतून गळती सुरू होते, आणि वजाबाकीला ती वजनच वाटते.