तिसऱ्या घंटेआधी

मंडळी, रशियन लेखक चेकॉव्हची ‘प्रेमाविषयी’ ही १८९८ सालची कथा मी पहिल्यांदा वाचली ती विशीत. तेव्हा तिच्या नायकाचा, अल्योखिनचा मला मनापासून राग आला होता. एवढं प्रेम आणि तोंडातून एक शब्द नाही!

गोष्ट तशी साधी. वडिलांनी करून ठेवलेलं कर्ज फेडायला शिकलासवरलेला अल्योखिन शेतावर राबतो. कामानिमित्त शहरात येतो, न्यायालयातल्या लुगानोविच नावाच्या अधिकाऱ्याकडे जेवायला जातो आणि त्याच्या बायकोकडे, आन्नाकडे ओढला जातो. तिलाही तो आवडतो. वर्षं सरतात, दोघंही बोलत नाहीत.

परवा पुन्हा वाचताना मी नाट्यगृहाच्या प्रसंगापाशी अडलो. दोघं शेजारी बसतात, खांद्याला खांदा लागतो. तिच्या हातातली नाटक बघायची छोटी दुर्बीण तो न बोलता घेतो आणि त्या क्षणी ती आपलीच आहे असं त्याला वाटतं. खेळ संपतो. दाराशी येऊन दोघं परक्यासारखा निरोप घेतात. बरं, त्यांच्याबद्दल शहरात बोलायचं ते लोक बोलतातच, आणि त्यात काडीचंही तथ्य नसतं. म्हणजे झाकून ठेवून अब्रूही राखली गेली नाही. मला हे फार लागलं.

या कथेत त्यांना कुणी अडवत नाही, हे मला उशिरा कळलं. सासू दटावत नाही, नवरा संशय घेत नाही. उलट तो अल्योखिनला उसने पैसे देऊ करतो. अडवतात ते त्यांचेच विचार, आणि ते विचार चांगले आहेत! तिला मुलं आहेत, नवरा भला माणूस आहे, तिच्या आईचा जावयावर मुलासारखा जीव आहे. अल्योखिनला वाटतं, मी तिला कुठे नेणार, शेतावरच्या याच कष्टांत ना? यातलं एकही कारण मला खोडता येत नाही. समाज माणसाच्या आत शिरतो तो असा, दुसऱ्याची काळजी होऊन. आन्ना तर नवऱ्याशी बोलताना म्हणते, अल्योखिनला एखादी हुशार, संसाराला हातभार लावणारी मुलगी मिळायला हवी. आणि लगेच म्हणते, अशी मुलगी अख्ख्या शहरात मिळणं कठीण. पुढे ती चिडचिडी होते. अल्योखिनच्या हातून काही पडलं की थंडपणे त्याचं अभिनंदन करते. न बोललेलं प्रेम असं आंबतं.

शेवटी ती उपचारासाठी क्रिमियाला निघते. आगगाडी सुटण्याची तिसरी घंटा व्हायला काही क्षण उरलेले असताना, तिची विसरलेली टोपली द्यायला तो डब्यात धावतो आणि तिथे दोघांचा बांध फुटतो. आपल्याला अडवणारं सगळं किती क्षुल्लक होतं, हे त्याला तेव्हा उमगतं. इथे माझा त्याच्याशी वाद आहे. ते क्षुल्लक नव्हतंच. फक्त आता उद्या कुणाला तोंड दाखवायचं नव्हतं, म्हणून धीर आला.

गाडी सुटते. तो शेजारच्या डब्यात जातो. तिथे कुणी नसतं. पुढचं स्टेशन येईपर्यंत तो तिथे बसून रडतो आणि मग उतरून पायी घरी जातो.

त्याने रडायलाही रिकामा डबा शोधला, हे विशीत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.