गोदावरीच्या उलट दिशेनं: नाशिकचे सायकल रूट

नाशिकमध्ये कुणी नवीन सायकल घेतली की पहिली मोठी राइड कुठली हे विचारावंच लागत नाही, त्र्यंबक. जाऊन येऊन साठच्या आसपास किलोमीटर होतात, वाटेत चहा मिळतो, घरच्यांनाही देवदर्शन म्हणून सांगता येतं, त्यामुळं परवानगीचा प्रश्न येत नाही. पण या व्हिडिओत आपण नुसतं त्र्यंबक नाही बघणार, आपण नदीच्या उलट दिशेनं निघणार आहोत, म्हणजे गोदावरी जिकडून येते तिकडं, आणि मग जिथं तिचं खोरं संपतं त्याच्याही पलीकडं.

हा स्क्रीनवर दिसतोय तो गोदाघाट, आणि तो दुतोंड्या मारुती. नाशिककरांचा पूर मोजायचा मीटर म्हणजे हा मारुती, पाणी गुडघ्याला लागलं का कमरेला लागलं यावर गावात चर्चा चालते. सायकलवाल्यांनी पण पावसाळ्यात निघायच्या आधी याच्याकडं एक नजर टाकावी, कारण इथं पाणी वाढलंय म्हणजे गंगापूर धरणातून विसर्ग सुरू असणार किंवा वरती पाऊस जोरदार लागून राहिलेला असणार, आणि आपल्याला जायचंय वरतीच. शहरात ऊन असतं आणि त्र्यंबकला छत्री उलटी होत असते, हे नेहमीचं आहे. नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस, आणि तिकडं इगतपुरीच्या डोंगरात ३,००० च्या घरात, मधलं अंतर फक्त चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. सायकलवर हा फरक नुसता वाचायचा आकडा राहत नाही, दर पाच किलोमीटरला शेतात दिसतो. शहराच्या आजूबाजूला द्राक्षाचे मांडव, टोमॅटो, भाजीपाला, मग हळूहळू बागा कमी होतात, भाताची खाचरं सुरू होतात, आणि उतारावर नागली, वरई, खुरासणी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खुरासणी फुलली की अख्खी टेकडी पिवळी झालेली असते आणि मग ग्रुपमधल्या प्रत्येकाला त्याच वळणावर फोटो पाहिजे असतो, अर्धा तास तिथंच जातो.

आता त्र्यंबक रोड. सातपूर एमआयडीसीच्या पहिल्या शिफ्टची गर्दी सुरू व्हायच्या आत तेवढा पट्टा मागं टाकायचा, मग महिरावणीपासून रस्ता जरा मोकळा होतो. डाव्या हाताला अंजनेरीचा डोंगर दिसायला लागतो, हनुमानाचं जन्मस्थान म्हणून लोक मानतात तो हाच, आणि पायथ्याशी नाण्यांचं संशोधन करणारी संस्था आहे, म्युझियमसकट, बहुतेक सायकलवाले तिच्यासमोरून शंभर वेळा गेलेले असतात आणि आत एकदाही नाही.

हा रस्ता नवीन माणसाला फसवतो. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर, त्र्यंबक ७०० च्या थोडं वर, म्हणजे अठ्ठावीस-तीस किलोमीटरमध्ये शंभर-सव्वाशे मीटरचा चढ, याला चढ तरी म्हणायचं का? डोळ्याला रस्ता सपाटच दिसतो. तरी स्पीड बावीसच्या वर जात नाही, माणूस खाली वाकून ब्रेक घासतोय का बघतो, टायरमधली हवा दाबून बघतो. ब्रेक बरोबर असतो, हवा पण बरोबर असते. समोरून वारा असतो. पावसाळ्याच्या दिवसांत पश्चिमेचा वारा डोंगरांमधून सरळ या खोऱ्यात शिरतो आणि आपण बरोब्बर त्याच्या तोंडावर चाललेलो असतो. नाशिकचा खरा घाट हा वारा आहे असं माझं मत, बाकीचे घाट निदान दिसतात तरी. पाच-सहा जण असाल तर एकामागं एक लागा, पुढचा दर दोन-तीन मिनिटांनी बदला, एकट्यानं त्या वाऱ्याशी भांडून काही मिळत नाही. आणि मजा येतानाच आहे, तोच वारा पाठीला, वर बारीक उतार, तीस-पस्तीसचा स्पीड फुकटात, घरी पोचल्यावर ॲपवरचा ॲव्हरेज बघून माणूस खूश. जातानाचा आकडा कोण दाखवतो.

त्र्यंबकला पोचलात की समोर ब्रह्मगिरी, जवळपास १,३०० मीटर उंच, काळ्या बेसॉल्टचा, पायऱ्या पायऱ्यांचा कडा. गोदावरी इथली. इथून १,४६५ किलोमीटर वाहत राजमहेंद्रीच्या पुढं बंगालच्या उपसागराला मिळते, आणि गंमत बघा, अरबी समुद्र इथून सरळ रेषेत शंभर किलोमीटर पण नाही. जवळचा समुद्र सोडून लांबच्याला जाते, कारण सह्याद्रीचा माथा मध्ये आहे आणि दख्खनचं पठार पूर्वेकडं कललंय. याच डोंगररांगेच्या दुसऱ्या अंगाला वैतरणा उगम पावते आणि ती पश्चिमेला जाते, तिचं पाणी मुंबईच्या नळाला येतं. म्हणजे त्र्यंबकपर्यंत आपण मराठवाड्यात पैठणच्या धरणाला जाणाऱ्या पाण्याशेजारून आलो, आणि इथून पुढं दहा-पंधरा किलोमीटर गेलं की मुंबईच्या पाण्याशेजारून चालवायला लागतो. गोदावरीचं पाणी सोडलं किती, अडवलं किती यावरून नाशिक आणि मराठवाड्याचं भांडण वर्षानुवर्षं चालू आहे, ते आत्ता काढत नाही, पण सायकलवरून हा पाणलोट बघितला ना की ते भांडण कशावरून आहे ते नकाशापेक्षा लवकर कळतं.

ज्यांना ट्रॅफिक नको त्यांच्यासाठी गंगापूर रोडची बाजू. सोमेश्वर, मग गंगापूर गाव, गोवर्धन, आणि धरणाचा लांबलचक मातीचा बांध, १९६५ साली पूर्ण झालेला. काश्यपी नदी पण याच जलाशयात येऊन मिळते, तो संगम आता पाण्याखाली आहे. वायनरीच्या बाजूला विकेंडला मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग असते, तेवढा भाग सकाळी सातच्या आत काढला की पुढं गिरणारेपर्यंत निवांत. गिरणारे म्हणजे टोमॅटोचं मार्केट, सीझनमध्ये पिकअपवर पिकअप क्रेट भरून उभ्या, रस्त्यावर चिखल आणि फुटलेले टोमॅटो, तिथं पातळ टायरवर जोरात वळण घेऊ नका एवढंच सांगतो.

गिरणाऱ्याच्या पुढं धोंडेगाव, काश्यपी धरण, आणि मग वाघेरा घाट. हा माझा आवडता. वाघेरा किल्ला शेजारी, रस्त्याला गाड्या कमी, साग आणि करवंदाच्या जाळ्या, घाट उतरून हरसूलकडं गेलात की गोदावरीचं खोरं सुटलं, पुढचं पाणी दमणगंगेचं. उतरताना लोक फार खूश असतात. परत त्याच उंचीवर यायचंय हे हरसूलला चहा पिताना आठवतं. हरसूलवरून त्र्यंबकला येऊन गोल पूर्ण करता येतो, पण तो गोल शंभरच्या पुढं जातो आणि सगळा चढ दुसऱ्या अर्ध्यात, उन्हात. तेव्हा गिअरचा विचार आधी करा, पेडलजवळचं छोटं चक्र ३४ दाती आणि मागचं सगळ्यात मोठं चक्र ३२ दाती असेल तर बसल्या बसल्या निघतं, रेसिंगचं कॅसेट, म्हणजे मागं छोटी छोटी चक्रं, लावून आलेला माणूस वळणावळणाला निसर्ग बघायला थांबतो.

चहावरून आठवलं, त्या बाजूच्या एका टपरीवरच्या मावशी प्रत्येक ग्रुपला एकच विचारतात, कुठून आले रे पोरांनो, नाशिकहून, मग मोटारसायकल नव्हती का घरी? आणि हे विचारत विचारत जास्तीची साखर टाकतात, तक्रार नाही.

तोरंगण घाटाबद्दल थोडक्यात. त्र्यंबकवरून मोखाडा-जव्हारला जाणारा रस्ता, घाट सुंदर, पण पावसाळ्यात धुकं असं उतरतं की पुढच्या सायकलचा लाल दिवा दिसला तर नशीब, दिवसासुद्धा मागचा-पुढचा लाइट चालू पाहिजे, आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट घालायला लाजू नका. वणीच्या गडाचा घाट का नाही घेतला असं कुणी विचारेलच, तर त्या गडाचा पायथा नांदुरी, म्हणजे गिरणा खोरं, तो वेगळा विषय.

लांबच्या सायकलिंगचं वेड नाशिकला बऱ्यापैकी जुनं आहे. २०१५ मध्ये इथल्या डॉक्टर बंधूंनी, हितेंद्र आणि महेंद्र महाजनांनी, रेस ॲक्रॉस अमेरिका दोघांच्या टीममध्ये पूर्ण केली, सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. २०१७ ला श्रीनिवास गोकुलनाथ, जे सैन्यात डॉक्टर आणि तेव्हा नाशिकला पोस्टिंगवर होते, त्यांनी तीच रेस एकट्यानं पूर्ण केली. त्यानंतर गावात रोडबाइक दिसायला लागल्या त्या लागल्याच. आता बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर पूर्ण करायच्या राइडला, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, पन्नाशीच्या काकू पण उतरतात, आणि आषाढीच्या आधी पंढरपूरला सायकल वारी जाते ती वेगळीच.

आता शेवटचा रूट, त्र्यंबक-पहिने-वैतरणा-घोटी. पहिन्याला दोन डोंगरांच्या मधून रस्ता जातो, दोन्हीकडून धबधबे, आणि पावसाळ्यात शनिवार-रविवारी तिथं इतकी गर्दी की सायकल हातात धरून चालावं लागतं, स्पीकर, मॅगी, काचा, सगळं. सोमवार ते शुक्रवारच्या मधे कधी जा. नोकरी असेल तर पहाटे चारला निघून सहाच्या आत पहिना पार करा, दुसरा उपाय नाही. पुढं अप्पर वैतरणाचा जलाशय येतो आणि रस्ता पाण्याच्या कडेकडेनं वरखाली होत राहतो, एकही चढ मोठा नाही पण एकही किलोमीटर सपाट नाही, मांड्या इथंच संपतात. पाण्याच्या दोन बाटल्या भरून घ्या, मधे दुकानं तुरळक. डांबर काही ठिकाणी चांगलं, काही ठिकाणी नुसती खडी, २८ मिलिमीटर रुंदीचे टायर असतील तर बरं, दोन ट्यूब आणि पंप तर पाहिजेतच, पंक्चरवाला थेट घोटीत.

घोटी म्हणजे भाताच्या गिरण्या आणि हायवे. इथून दक्षिणेला भंडारदऱ्याचा रस्ता फुटतो, हवा स्वच्छ असेल तर कळसूबाई दिसतं, १,६४६ मीटर, महाराष्ट्रात याच्यावर काही नाही. जमलं तर मुक्काम करून जा, एका दिवसात नाशिक-भंडारदरा-नाशिक करणारे आहेत, पण त्यांना धरण बघायला वेळ मिळत नाही.

घोटीवरून घरी यायला बहुतेक जण मुंबई-आग्रा हायवे पकडतात, मुंढेगाव, गोंदे, वाडीवऱ्हे, विल्होळी, सरळ रस्ता, पटकन होतं. मी नाही पकडत. गोंद्याच्या कंपन्यांचे कंटेनर, रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यावर काच आणि तारांचे तुकडे, शंभरनं जाणारी एसटी कानाजवळून, एवढं सुंदर फिरून शेवटी हे कशाला. वैतरणेचं पाणी दिसलं, कडेला बसून भाकरी-ठेचा खाल्ला की आमचा ग्रुप तिथूनच मागं फिरतो, परत पहिना, परत त्र्यंबक, कारण त्र्यंबकपासून वारा पाठीला असतो. फक्त २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची कामं काढलीत, तेव्हा त्र्यंबक रोडला कुठं खोदलंय, कुठं डायव्हर्जन आहे ते आदल्या रात्री ग्रुपवर विचारून घ्या, आणि तिसऱ्या श्रावणी सोमवारी तर जाऊच नका, ब्रह्मगिरीच्या फेरीला आलेल्या गर्दीत सायकल चालवायला तर सोडाच, टेकवायला पण जागा मिळत नाही.